डोंग्याच्या दोन बॅटऱ्या

ही गोष्ट माझ्या मोठ्या नातीपेक्षा वयानं मोठी आहे, आणि आजवर ती माझ्या ओठांबाहेर आलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, लेकीला नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलासुद्धा पूर्ण सांगितली नाही. मग तुम्हाला काहून सांगून राह्यली? कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ मोठी हुशार होते — थट्टा करते, विषय बदलते, चहा ठेवायला उठते.

तर आज चहा नाही. बसा.

आधी त्या बाईची ओळख करून देते. वय तिशीच्या आसपास. शिक्षण नववी, पण बोलणं मास्तरणीचं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जुडग्यात किल्ल्या पाच आणि घरात कुलपं दोन — बाकीच्या तीन नुसत्या वाजायला. रस्त्यानं चालली की आवाज आधी यायचा, बाई मागून. लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे, आणि तिला वाटायचं की हा मान आहे. नवऱ्याच्या धंद्याचं नाव बायकोला चिकटतं, त्यात तिचं काय? पण तिला कोण सांगणार! तिचं नाव सुमन. म्हणजे मीच ती. आज भेटली असती तर दोन किल्ल्या तिच्याच तोंडात कोंबल्या असत्या.

धरणाच्या काठाला आमचं गाव. दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टिनाच्या दोन खोल्या — पुढच्या खोलीत बॅटरी चार्जिंगचं दुकान, मागच्या खोलीत आमचा संसार. दार एकच, दुकानातून. घरातून बाहेर पडायचं तर बॅटऱ्यांच्या मधून, आत यायचं तरी बॅटऱ्यांच्या मधून. लुगड्यांना तेजाबाची भोकं पडायची. तेजाब म्हणजे अॅसिड. मिस्त्रींनी हा शब्द आपल्या दारव्ह्याच्या मुसलमान उस्तादांकडून कामासोबतच उचलला होता. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. गाव मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही.

कापसाचे वाईट दिवस होते ते. त्याबद्दल शिकलेल्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी कायले सांगू? मला आठवते ती लाईन. कधी यायची, कधी जायची, काही नेम नाही. दिवसातून पाच-सहा तास वीज मिळाली तर आम्ही तिला पाहुणीसारखी वागवायचो. ती आली की मिस्त्री जेवणावरून उठून चार्जरकडे पळायचे. बाकावर बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या, एकीची तार दुसरीला, दुसरीची तिसरीला — ट्रॅक्टरच्या, टीव्हीच्या, लग्नातल्या भोंग्याच्या. पण डोंग्याच्या बॅटऱ्या त्या ओळीत कधीच नसायच्या. त्या वेगळ्या, कोपऱ्यात, हळू चार्जवर.

डोंगा म्हणजे होडी; हा मच्छीमार सोसायटीचा. मोठा, लोखंडी. धरणात बुडालेल्या शिवाराच्या पलीकडे एक वस्ती अडकून राहिली होती. रस्त्यानं यायचं तर तिला पाऊण दिवस, पाण्यानं अर्धा तास. माणसं, पीठ-मीठ, कापसाची गाठोडी, सगळं त्या डोंग्यानं यायचं. त्याला भंगारातल्या टेम्पोचं इंजिन बसवलेलं. डायनामो जळालेला, तो कोणी बदलला नाही, म्हणून बॅटऱ्या आमच्याकडे चार्ज व्हायच्या. त्या दोन. एक इंजिन चालू करायला, दुसरी दिव्याला आणि भोंग्याला. दोघींच्या मध्ये मिस्त्रींनी एक खटका बसवला होता. तो कायम बंद ठेवायचा — म्हणजे दिव्यानं दिव्याचीच बॅटरी संपावी, इंजिनाच्या बॅटरीला हात लागू नये. पाण्यात इंजिनाची बसलीच, तर खटका ओढून दिव्याच्या बॅटरीवर इंजिन चालू करायचं. आणि दोन्ही एकदम रिकाम्या कधीच होऊ द्यायच्या नाहीत. मिस्त्री डोंगा चालवणाऱ्या दौलतभाऊला हे इतक्यांदा सांगायचे की मी भाकरी थापता थापता पाठ केलं होतं.

दौलतभाऊ भोई. सोसायटीनं डोंगा त्याच्या हवाली केला होता. त्याचं घर त्या डोंग्यावरच चालायचं. उंच, थोडा वाकलेला, अतिशय सावकाश बोलणारा. बॅटरी न्यायला आला की तपासल्याशिवाय उचलायचा नाही. "वहिनी, कांडी दाखवा." मग रबरी फुग्याच्या काचेच्या नळीनं बॅटरीच्या एकेका भोकातलं तेजाब ओढायचं, नळीत एक कांडी तरंगते, तिच्यावर लाल, पांढरा, हिरवा असे पट्टे. तेजाबाची पातळी हिरव्या पट्ट्यावर आली म्हणजे बॅटरी भरली. एका बॅटरीला सहा भोकं. दौलतभाऊ सहाच्या सहा पाहायचा. मला राग यायचा. वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही याचा. आता हसू येतं — किती कमी होता त्याचा अविश्वास!

सांगते, सांगते. अजून त्या बाईचा टीव्ही राहिलाच.

माझ्या भावानं जुना रंगीत टीव्ही दिला होता. गल्लीत रंगीत एकच — माझा. लाईन नसली की मिस्त्रींनी जोडलेल्या इन्व्हर्टरच्या खोक्यावर, एखाद्या पडून असलेल्या बॅटरीवर तो चालायचा. एका रविवारी बायका सिनेमाला जमल्या, आणि नायिकेचं लग्न मोडतंय तेवढ्यात बॅटरी बसली. पडदा काळा. शेजारची गोदा म्हणाली, "चला वं बायाहो, मिस्त्रीनच्या घरीच बॅटरी नाई!" सगळ्या खिदळत गेल्या. तुम्हाला वाटेल, एवढंच? हो, एवढंच. त्या एवढ्याशा हसण्याचा डंख मी पंधरा दिवस जपून ठेवला.

त्यात मिस्त्रींची आई आजारी पडली, आणि ते आठ दिवसांसाठी यवतमाळच्या दवाखान्यात गेले. दुकान माझ्याकडे. जाताना म्हणाले, "नाई जमलं तं लोकायले सांगजो, मिस्त्री आल्यावर या." मी जुडगा वाजवून म्हटलं, "तुमी जा. दुकान तुमच्याबिगर बंद नाई पडत."

शुक्रवारी दौलतभाऊ सायकलवर दोन्ही बॅटऱ्या बांधून आला. डोंगा काठावर ओढला होता, बुडाचा पत्रा ठोकायला. म्हणून पहिल्यांदाच दोन्ही एकदम. दोन्ही बऱ्याच उतरलेल्या. म्हणाला, सोमवारी न्यायला येतो, पलीकडच्यांचा कापूस आणायचाय.

शुक्रवारी लाईन आली नाही. शनिवारी चार तास आली. ते चार तास मी त्यांना दिले, हे खरं आहे. म्हणजे बॅटऱ्या अर्ध्याही भरल्या नव्हत्या. आणि रविवारी — रविवारी सिनेमा होता.

दुकानात त्या दिवशी त्यातल्या त्यात भरलेल्या अशा त्याच दोन. मी बायकांना सकाळपासून निरोप धाडले होते, गोदाला दोनदा. एक बॅटरी पुन्हा मध्येच बसली तर? म्हणून मी दोन्ही उचलून मागच्या खोलीत नेल्या आणि जाड तारेनं एकमेकींना जोडल्या. जो खटका बंद ठेवा म्हणून मिस्त्री घसा कोरडा करायचे, त्याचं काम मी माझ्या घरात एका तारेनं करून टाकलं. वर इन्व्हर्टर. इन्व्हर्टरवर टीव्ही, टेबलफॅन — कारण बायकांना उकडायला नको — आणि एक ट्यूब, कारण मी नेसलेलं लुगडं दिसायला पाहिजे. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चाललं सगळं. सिनेमा संपला, त्यानंतरची मालिका संपली. गोदा जाताना म्हणाली, "नाई, मानलं बाप्पा, मिस्त्रीनबाई." त्या वाक्यावर मी त्या संध्याकाळी जेवले.

सोमवारी पहाटे नळी लावली. लाल. बाराच्या बारा भोकांत कांडी लालवर.

लाईन आली सातला, गेली साडेआठला. दीड तासात काय होतं? कांडी जेमतेम हलली. आणि नऊला दौलतभाऊ दारात.

आता इथे मी थांबते नेहमी. एकटी असते तेव्हाही याच जागी थांबते आणि काहीतरी काम आठवते. पण आज पुढे जाते.

तो यायच्या आधी मला अर्धा तास मिळाला होता. त्या अर्ध्या तासात मी काय केलं? प्रत्येक भोकातलं पातळ पाणी झालेलं तेजाब फुग्यानं थोडं ओढून काढलं, आणि बरणीतलं कडक तेजाब त्यात ओतलं. बारा वेळा. बॅटरीत ताकद एवढीशीही वाढत नाही त्यानं, पण कांडी फसते. तेजाब कडक, म्हणून कांडी वर — थेट हिरव्यात. ही युक्ती मला कोणी शिकवली? मिस्त्रींनीच. "असं करनारे चोर असतात," म्हणून. मी चोराची ओळख व्हावी म्हणून ऐकलेलं चोरी करायला वापरलं. आणि वाईट वाटलं का? नाही हो. मला तर स्वतःची हुशारी वाटली. एक थेंब बोटावर पडला, तोही मी पदराला पुसला.

दौलतभाऊनं दारातूनच लाईन गेलेली पाहिली. म्हणाला, "वहिनी, लाईनीचा काही भरोसा नाई. राह्यलं असन अर्धंमुर्धं तं सांगा. मी मंगळवारी नेतो, कापूस कुठं पळून चालला!"

ऐकलंत? त्यानं मला दार उघडून दिलं होतं. नुसतं "हो भाऊ, उद्या या" म्हणायचं होतं. पण उद्या ये म्हटलं तर मिस्त्री आल्यावर हा सांगणार — मिस्त्री, तुमी नव्हते, काम अडलं. मी म्हटलं, "फुल्ल आहेत. पाहा ना कांडी." त्यानं बाराच्या बारा पाहिल्या, एकेक, डोळा बारीक करून. हसला. "तुमी तं मिस्त्रीपेक्षा फास्ट काम करून राह्यल्या!"

सकाळी काठावरून इंजिन चालू झालं. तेवढी धुगधुगी होती. दुपारनंतर परत येताना डोंग्यात अकरा माणसं आणि छातीइतकी कापसाची गाठोडी. मध्यावर शेवाळाचा गुंता पंख्यात अडकला आणि इंजिन बंद पडलं. असं व्हायचंच, गुंता काढायचा, पुन्हा चालू करायचं. दौलतभाऊनं गुंता काढला, बटण दाबलं. इंजिनानं नुसतं टिक केलं. त्यानं खटका ओढला, दुसरी बॅटरी घेतली. तिचंही टिक. त्या इंजिनाला हँडल मारायची सोय नव्हती. बांबू तळाला पोचत नव्हते. वारा सुटला होता, त्यानं डोंगा बुडालेल्या झाडांकडे ढकलला आणि पाण्याखालच्या एका खोडावर चढवला. डोंगा कलंडला. दौलतभाऊ ओरडला, गाठोडी फेका! पलीकडच्या सात घरांचा वेचलेला कापूस त्या माणसांनी स्वतःच्या हातांनी पाण्यात लोटला. तो लगेच बुडत नाही, माहीत आहे? आधी तरंगतो. मग पाणी पितो.

दौलतभाऊ दोर घेऊन पाण्यात उतरला आणि मासेमारांचे लहान डोंगे येईपर्यंत छातीभर पाण्यात फांदीला पाय रोवून डोंगा धरून उभा राहिला. अकराही माणसं जिवंत काठावर आली. तो शेवटी आला, हातांची कातडी सोललेली, दातावर दात वाजत. मासेमारांनी ऊब यावी म्हणून त्याला दारू पाजली. काठावर उतरला तेव्हा तोंडाला वास येत होता. लोकांनी तो वास लक्षात ठेवला, दारू कोणी पाजली ते नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या जाळ्यांच्या खोलीत सगळे जमले. मला बोलावलं. मिस्त्री अजून यवतमाळलाच. जुडगा मी घरी ठेवून गेले, एवढं भान होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "वहिनी, बॅटऱ्या भरल्या होत्या काय?"

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "कांडी हिरव्यात होती. दौलतभाऊनं सोता पाह्यली." शब्द न् शब्द खरा. इतकं सफाईदार खोटं मी पुन्हा कधी बोलले नाही.

आणि तो माणूस — पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून बसलेला — म्हणाला, "हो. बाराही हिरव्यात. वहिनी खोटं नाई बोलत."

कोपऱ्यातून कोणीतरी बोललं, "मंग दोन्ही बॅटऱ्या एकदम कोनं पेल्या बे? भूत?"

"भूत कायले पेते? दौलत हाय ना प्यायले!"

हसले सगळे. मग एकेक जोडत गेलं — प्याला होता, खटका जोडून ठेवला, दिवा चालू विसरला, दोन्ही बसल्या. त्यानं तर स्वतःच्या डोळ्यांनी हिरवं पाहिलं होतं. डोंगा त्याच्याकडून काढून घेतला. ज्यांचा कापूस गेला ते त्याच्या दारावरून जाताना थुंकायचे. आणि त्या दिवशी त्या खोलीत मी खाली मान घालून जाळ्याची भोकं मोजत होते.

दोन दिवसांनी त्याची बायको कमळा दुकानात आली. तक्रार नाही, रडणं नाही. म्हणाली, "वहिनी, सोसायटीत एवढंच सांगा, का बॅटरी कधी कधी आपोआपही बसते. तुमचं आयकतीन." माझ्या गुन्ह्याचं नावही न घेता सुटायची वाट तिनं आणून दिली होती. मी म्हटलं, "मिस्त्रींना इचारून सांगते." ती बिचारी आभार मानून गेली. मी विचारलं नाही. ती पुन्हा आली, मी मागच्या खोलीतून ओरडले, आंघोळ करून राह्यली! कोरडी बसले होते खाटेवर. दार एकच, ती पुढच्या खोलीत उभी आणि मी मागच्या. किती वेळ उभी होती कोण जाणे. महिनाभरात ते बिऱ्हाड वणीकडे चुनाभट्टीवर कामाला गेलं.

मिस्त्रींना कळलं का? परत आल्यावर त्यांनी सोसायटीतून त्या बॅटऱ्या मागवल्या, दोन दिवस हळू चार्ज केल्या, नळी लावली. पुरत्या भरल्यावर कांडी हिरव्याच्याही वर उडाली — तेजाब जास्त झालेलं लपत नाही. त्यांनी बाराही भोकं पुन्हा तपासली. मग दोन्ही बॅटऱ्या ओतून रिकाम्या केल्या, हात धुतले आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून तेजाबाची बरणी पेटीत आणि पेटीची किल्ली त्यांच्या खिशात. माझ्या जुडग्यात ती कधी आली नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याच दोन खोल्यांत, त्याच एका दारातून आत-बाहेर करत आम्ही पुढची सगळी वर्षं काढली. कधी कधी जेवताना ते मान वर करायचे, आणि मी पटकन विचारायची — भाजी वाढू? विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बारीक होतो. शेजारच्या बाईला वाटतं, मला दम लागला.

मिस्त्री गेले. त्यानंतर एकदा मी लेकीकडे मुकुटबनला गेलते. बाजाराच्या दिवशी सुकटीच्या ओळीतून चालले होते, आणि कोणीतरी हाक मारली, "वहिनी!" दौलतभाऊ. केस पांढरे, पाठ आणखी वाकलेली, पुढ्यात पोत्यावर सुके झिंगे. कमळा दोन वर्षांमागे वारली, म्हणाला. मिस्त्री गेल्याचं मी सांगितलं. मग म्हणाला, "देव मानूस. मी त्यायले तोंड दाखवलं नाई पुन्हा. शरम वाटे."

मी पिशवीचे बंद गुंडाळत उभी.

"वहिनी, एक इचारू? मी लय इचार केला इतके वर्स. त्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी दिवा लावला असन. अन् पत्रा ठोकताना मधला खटका जोडलेलाच राह्यला असन. मले आठवत नाई, पन तसंच झालं असन. तुमी तं बॅटरीवाल्या. तसं केलं तं दोन्ही बसतात ना?"

डोळा बारीक करून पाहत होता माझ्याकडे. बाजार होता, ऊन होतं, कोणी ओळखीचं नव्हतं. मिस्त्री नव्हते. दुकान कधीचं बंद झालं होतं. माझं काय जाणार होतं?

मी म्हटलं, "हो भाऊ. बसतात."

त्यानं मान हलवली. "तेच म्हनतो मी," म्हणाला. चेहरा मोकळा झाला त्याचा. इतक्या वर्षांचा हिशोब लागल्यासारखा हसला, आणि मी घेतलेल्या झिंग्यांवर आणखी एक ओंजळ टाकली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

लेकीनं संध्याकाळी त्या झिंग्यांची भाजी केली, कांदा घालून, झणझणीत. चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.